आंबा, मोदक, भाजी विमानाने परदेशी पाठवायचीय? आधी तास मोजा

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. कोणाला दुबईला मेव्हण्याच्या दुकानात हापूस पाठवायचाय, ठाण्याच्या एका ताईंना लंडनला फ्रोझन उकडीचे मोदक, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किलोला रेट काय? रेट सांगतो हो, पण त्याआधी एक कागद घ्या आणि तुमचा माल जमिनीवर किती तास राहणार ते लिहून काढा. मुंबई-दुबई विमान तीन-सव्वातीन तासात पोचतं, लंडनला नऊ-दहा तास. पण वाशीचं पॅकहाऊस (माल निवडून भरतात ती जागा) ते सहार कार्गो, म्हणजे मुंबई विमानतळाचा मालविभाग, तिथली गाड्यांची लाइन, कस्टम, एक्सरे, मग पॅलेट (फळीवर रचून बांधलेला पेट्यांचा ढीग) बांधून विमानाशेजारी उभं, उतरल्यावर परत तेच सगळं, असं धरलं तर लंडनचा माल सहज २०-२५ तास जमिनीवरच असतो. आणि वाट लागते ती तिथेच.

हे मला एका लॉगरने शिकवलं. लॉगर म्हणजे पेनड्राइव्हएवढं यंत्र, पेटीत टाकायचं, दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवतं. मे महिन्यात आंब्याचं एक पॅलेट गेलं, घेणाऱ्याचा फोन आला की वरच्या दोन थरांचा आंबा मऊ पडलाय. फाइल उघडली तर १३ अंशावर सरळ चाललेली रेघ दुपारी अडीचला अशी उभी चढली की बस, ३९ पर्यंत, आणि तीन तासांनी हळूहळू खाली. विमान लेट होतं आणि पॅलेट उन्हात उभं होतं, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. तेव्हापासून मी शक्यतो रात्रीची फ्लाइटच मागतो आणि पॅलेटवर चंदेरी थर्मल कव्हर टाकायला लावतो, थोडा खर्च वाढतो पण जीवाला घोर नाही.

आता कागदपत्रं, पटकन सांगतो कारण निम्मं काम तुमचा क्लिअरिंग एजंट करेल. आयईसी (आयात-निर्यात कोड) डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याकडून, अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा) लायसन्स, निर्यातीचे पैसे जिथे येणार त्या बँकेचा एडी कोड कस्टमच्या पोर्टलवर चढवलेला, आणि ताजं फळ-भाजी असेल तर प्लांट क्वारंटाइनचं फायटो सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अपडेट करावं लागतं, काही बदललं नसलं तरी, नाहीतर बंद पडतं. ऐन आंब्याच्या गडबडीत येतं हे, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाका.

देशाप्रमाणे मात्र खेळ वेगळा आहे. दुबई त्यातल्या त्यात सोपी, म्हणून नवीन माणसाने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) विकिरण, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा, लागतं, त्यासाठी पणन मंडळाचं केंद्र इथे वाशीतच आहे आणि लासलगावला दुसरं. युरोपला गरम पाण्याची प्रक्रिया, ४८ अंशाला ६० मिनिटं. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपला आंबा बंद केला होता, बरोबर अळू, कारलं, पडवळ, वांगीही, आंब्याची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. तेव्हापासून तपासणी कडक आहे, एक अळी सापडली तर अख्खी कन्साइनमेंट जाते. अमेरिकेला कुठलंही खाण्याचं पाठवताना एफडीएची (तिथलं अन्न-औषध खातं) प्रायर नोटीस, म्हणजे आगाऊ सूचनाही लागते, विमानाने माल जात असेल तर तिथे पोचायच्या निदान चार तास आधी भरलेली. आणि पदार्थात तूप, दूध, खवा असेल तर युरोप-ब्रिटनला नियम एकदम वेगळे, घेणाऱ्याकडून लेखी विचारून घेतल्याशिवाय एक डबाही भरू नका.

पॅकिंग. लाकडी पेटी आणि आत पेंढा, हे घरच्या आंब्याला छान, एक्सपोर्टला नाही. पुठ्ठ्याचा बॉक्स, ३-३.५ किलोचा, भोकं असलेला, अमेरिकेसाठी भोकांवर किडे जाणार नाहीत अशी जाळी. बॉक्स मजबूत घ्या कारण खालच्या थरावर सगळं वजन येतं, प्रवासी विमानाच्या पोटात पॅलेट १६० सेंटीमीटर उंचीपर्यंत रचतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माल भरायच्या आधी थंड करायचा, भरल्यावर नाही. फळ तोडल्यावरही श्वास घेतं, उष्णता सोडतं, गरम आंबा बॉक्समध्ये कोंडला की रीफर (थंड ठेवणारी) गाडीही त्याला लवकर थंड करू शकत नाही. आम्ही एक आंबा बळी देतो, कोयीपर्यंत सुई-थर्मामीटर खुपसतो, १३ दिसल्याशिवाय गाडी भरायची नाही. पण म्हणून ४ अंशाच्या खोलीतही टाकू नका, थंडीने साल काळवंडते आणि मग आंबा नीट पिकतच नाही. भेंडी-मिरचीला ७ ते १० चालतं. आंब्यासोबत कढीपत्ता-कोथिंबीर एका डब्यात भरायची हौस असते लोकांना, जागा वाचते म्हणून, पिकत्या आंब्यातून इथिलीन निघतं आणि पाला दोन दिवसात पिवळा.

फ्रोझनचं खरं सांगू? टनावारी माल असेल तर विमान विसरा, न्हावा शेवावरून उणे १८ चा रीफर कंटेनर लावा. विमान फक्त सॅम्पलला किंवा गणपतीच्या तोंडावर मोदकासारख्या महाग मालाला परवडतं. त्यासाठी जाड थर्माकोलचा डबा आणि ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८ अंशाचा असतो, वितळत नाही, उडून वायू होतो, म्हणून डबा हवाबंद करायचा नाही. मी पहिल्यांदा शहाणपणा करून चारी बाजूंनी टेप मारली होती, तासाभरात डब्याचं पोट फुगलं, नशीब गाडी अजून तुर्भ्यातच होती. डब्यावर यूएन १८४५ (ड्राय आइसचा आंतरराष्ट्रीय नंबर), क्लास ९ चं (धोकादायक मालाचा वर्ग) लेबल आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन किलोत, हे नसेल तर काउंटरवरून डबा परत. बुकिंग करतानाच किती किलो ते सांगा, विमानात त्यालाही मर्यादा असते आणि कोणाचं कुत्रं-मांजर त्याच विमानाने चाललं असेल तर दोन्ही शेजारी ठेवत नाहीत. आमच्या डब्यात दिवसाला ३-४ किलो उडतो, मी एकूण प्रवासाच्या वर एक दिवसाचा जास्तीचा भरतो.

आता तो रेट. एअरलाइन खरं वजन आणि व्हॉल्यूमचं वजन यातलं जे जास्त ते लावते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ६०००. थर्माकोलचा ६०×४५×४० चा डबा घ्या, १८ किलो झाले. आत मोदक ८ किलो, ड्राय आइस ६, डबा दीड, म्हणजे काट्यावर साडेपंधराच, पण पैसे १८ चे. ८ किलो विकायचे आणि १८ चं भाडं, हे आधी वहीत मांडा मग मोदकाचा भाव ठरवा. आंबा वजनदार असल्याने त्यात एवढं मरत नाही, पालेभाजीत मरतं.

पाठवायच्या दिवशी उलटं मोजत या. विमान रात्री दोनचं, माल जमा करायची वेळ समजा संध्याकाळी सातची, तर वाशीतून साडेतीनला गाडी निघालीच पाहिजे. शुक्रवारी वाशी पूल आणि छेडानगर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. शुक्रवार टाळाच, तिकडे शनिवार-रविवार लागला तर पेट्या गोदामात बसतात.

आणि तो ३९ अंशाचा आंबा, त्याचा क्लेम मला मिळाला नाही. माल खराब निघाला तर ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत एअरलाइनला लेखी तक्रार द्यावी लागते, माँट्रियल कराराचा नियम आहे, आणि आमच्या घेणाऱ्याने सतराव्या दिवशी मेल टाकला. विमा नव्हता. आता मी विमा तापमानाच्या कलमासकट काढतो, आणि घेणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर आधीच लिहून ठेवतो: पॅलेट उघडायच्या आधी फोटो, डिलिव्हरीच्या कागदावर शेरा, लॉगरची फाइल त्याच दिवशी.