पहिलं ऑर्किड कसं जगवावं

गृहप्रवेशाला, वाढदिवसाला भेट म्हणून हल्ली ऑर्किडची कुंडी हमखास येते. लांब दांड्यावर ओळीनं लागलेली पसरट फुलं आणि बुडाशी चार-पाच जाड, रुंद पानं असतील तर ते फॅलेनॉप्सिस. पेरापेरांची उभी खोडं असतील तर बहुधा डेंड्रोबियम. इथे मुख्यतः फॅलेनॉप्सिसबद्दल सांगतो, कारण नवख्यांच्या घरी तेच जास्त येतं. फुलं दोन-तीन महिने टिकतात, मग एकेक करून गळतात आणि बऱ्याच घरांत झाड संपलं असं समजून कुंडी गच्चीत जाते. झाड संपलेलं नसतं. ते मरतं ते नंतर, आणि बहुतेक वेळा लाडानं घातलेल्या पाण्यामुळे.

कोकणात आंब्या-फणसाच्या फांदीवर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड फुललेलं पाहिलं असेल, तर अर्धं काम झालं. ते बांडगूळ नव्हे. फांदीचा नुसता आधार घेतं. मुळं उघड्यावर लोंबतात, सरीत चिंब भिजतात आणि वारा लागला की सुकतात. आग्नेय आशियातलं फॅलेनॉप्सिसही याच वळणाचं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही त्याला हवं. (म्हणून सह्याद्रीतून झाड खरवडून आणू नका. ते घरात सहसा जगत नाही आणि जंगलातलं एक कमी होतं.)

१. आधी कुंडी उघडून बघा

वरची चिनी मातीची देखणी कुंडी बहुतेकदा बिनभोकाची असते. आत पारदर्शक प्लास्टिकची दुसरी कुंडी असते, ती उचलून बाहेर काढा. तळाला पाणी साचलेलं असेल तर ओतून टाका. पारदर्शक कुंडी फेकू नका. पुढचे सगळे निर्णय तिच्यातून दिसणाऱ्या मुळांवर घ्यायचे आहेत. झाड मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात लावलेलं असेल तर मधोमध बोट घालून पाहा. पुष्कळदा रोपाच्या वयात वापरलेला मॉसचा घट्ट गोळा तिथे तसाच राहिलेला असतो. वरचा थर कोरडा लागतो आणि आत आठवडाभर ओल असते.

२. जागा ठरवा

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. दक्षिण किंवा पश्चिमेची असेल तर पातळ पडदा लावा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर पडदा असूनही कुंडी काचेपासून दूर सरकवा. टीव्हीशेजारचा कोपरा शोभेला छान, झाडाला नाही. उजेड पुरतोय का हे पानं सांगतात: गर्द हिरवी, लांबट, लोंबलेली पानं म्हणजे उजेड कमी, पिवळट किंवा लालसर झाक म्हणजे जास्त. एसीचा झोत थेट अंगावर नको, पण हवा खेळती हवी.

ज्या खोलीत आंब्याची अढी घातली असेल किंवा केळ्यांचा घड पिकत असेल, तिथे कळ्या आलेलं ऑर्किड ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात. लोक नर्सरीला दोष देतात, दोष पेटीतल्या हापूसचा असतो.

३. पाणी

वार ठरवून पाणी घालायची सवय सोडा. मुळांवर एक पांढरट, पाणी शोषून घेणारा थर असतो. तो कोरडा असला की मूळ चांदीसारखं राखाडी दिसतं. पाणी लागताच काही क्षणांत आतला हिरवा रंग वर येतो. एकदा समोर बसून हे बघाच. कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळं हिरवी असतील तर पाणी घालायचं नाही, राखाडी झाली आणि कुंडी हातात हलकी लागली की घालायचं. उन्हाळ्यात ही वेळ पाच-सहा दिवसांनी येते, मुंबईच्या जुलैत दहा-बारा दिवसही लागतात. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेलं झाड लवकर सुकतं, मॉसमधलं उशिरा.

घालायचं तेव्हा मात्र कंजुषी नको. सकाळी कुंडी मोरीत न्या, सगळी मुळं भिजतील असं भरपूर पाणी ओता, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या आणि मगच बाहेरच्या कुंडीत ठेवा. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी राहिलं तर कागदाच्या घडीनं टिपून घ्या. पोंगा कुजला की झाड वाचवणं फार अवघड. बर्फाचे खडे ठेवण्याचा सल्ला फिरत असतो. आपल्याकडे नळाला पाणी येतं, बर्फाचं काय काम?

बोअरचं जड पाणी असेल तर मुळांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरे क्षार चढतात. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर उत्तम. आरओ यंत्रातून फिल्टर झालेलं पाणी चालतं, पण त्याच यंत्राच्या बाहेर टाकायच्या नळीचं पाणी अजिबात नको. सगळे क्षार त्यातच असतात.

पानं सुरकुतली की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. थांबा, आधी मुळं बघा. ती तपकिरी, पिचपिचीत असतील तर झाड कुजलेल्या मुळांमुळे तहानलेलं आहे. आणखी पाण्यानं उरलेलीही जातील.

४. खत

१९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी भिजलेल्या मुळांना. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुवून काढा. शेणखत, गांडूळखत, चहाचा चोथा, सगळं गुलाबासाठी ठेवा.

५. कुंडी बदलताना

फुलं गेल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा, किंवा मुळं कुजताना दिसली तर लगेच. मातीत लावायचं नाही, कोकोपीटमध्येही नाही. पाइनची साल मिळाली तर ती. नाहीतर लाकडी कोळशाचे आणि विटांचे बोराएवढे तुकडे, त्यात थोडे नारळाच्या सोडणाचे. हे सगळं एक दिवस भिजवून धुवून घ्या. दाबल्यावर टणक लागणारी मुळं ठेवा, पोकळ झालेली कापा. ब्लेड आधी ज्योतीवर धरून घ्या. नवी कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठीत ओल साचते. लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी नको, म्हणजे कापलेल्या जागा सुकतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं पुसा आणि आठवड्यानं पुन्हा पुसा.

६. पुन्हा फुलं

फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या वर कापा. कधी कधी तिथून नवी फांदी फुटते. झाड अशक्त असेल किंवा दांडा वाळला असेल तर बुडातून काढा. डेंड्रोबियमची जुनी खोडं मात्र हिरवी आहेत तोवर कापू नका.

नवा दांडा यायला फॅलेनॉप्सिसला काही आठवडे गारवा लागतो, विशेषतः रात्रीचा. पुण्या-नाशिकला नोव्हेंबर ते जानेवारीत खिडकीजवळ तो आपसूक मिळतो. पारा पंधराच्या खाली जाऊ लागला तर रात्री कुंडी आत घ्या. मुंबईत, कोकणपट्टीत थंडी अशी नसतेच, म्हणून तिथे दुसरं झाड घेताना माझं मत डेंड्रोबियमला. सिंबिडियम या आणखी एका ऑर्किडच्या मोहात पडू नका, ते कालिंपोंग-सिक्कीमच्या थंडीतलं झाड.

पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं की मूळ की दांडा, हा प्रश्न पडतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं. दांड्याचं चपटं, एका बाजूला किंचित टोकदार, आणि तो उजेडाकडे वर वळतो. दांडा वीतभर झाला की काठीला सैल बांधा आणि त्यानंतर कुंडी फिरवू नका, नाहीतर फुलं वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून उमलतात.