ब्रिटनमधील वाफेच्या गाडीची अनेक दिवसांची सहल : या चुका टाळा

डेक्कन ओडिसीसारख्या गाडीत एकदा सामान लावले की आठवडाभर तोच आपला डबा आणि तीच आपली खोली, ही कल्पना मनात धरून ब्रिटनच्या वाफेच्या सहलीचे आरक्षण करणारे प्रवासी पहिल्याच संध्याकाळी गोंधळतात. या सहलींत बहुधा दिवसा गाडी आणि रात्री हॉटेल अशी व्यवस्था असते. डबे प्रामुख्याने १९५० आणि १९६० च्या दशकांतले, बसून प्रवास करण्याचे, मध्ये टेबल आणि समोरासमोर आसने असलेले असतात. त्यांत शय्या नसते, जुन्या प्रकारच्या डब्यांत वातानुकूलन नसते आणि फोन चार्ज करण्याची सोय मिळेलच असे नसते. हॉटेल एक-दोन रात्रींनी बदलते, म्हणून सामान पुन्हा पुन्हा बांधावे लागते. सगळे काही सामावून घेणारी एक मोठी बॅग आणणे ही म्हणूनच सर्वांत सामान्य चूक आहे. ब्रिटनचे रूळ आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद, १४३५ मिलिमीटरचे. डबेही त्या मानाने अरुंद आणि डोक्यावरच्या सामानाच्या फळ्या छोट्या बॅगेपुरत्याच. मोठे सामान हॉटेलपर्यंत संयोजक पोचवणार की आपणच ओढायचे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत

'हेरिटेज रेल्वे' या एकाच नावाखाली दोन निरनिराळे प्रवास विकले जातात आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच असते. एक प्रकार म्हणजे स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलेले छोटे मार्ग. १९५१ मध्ये वेल्समधील तालिथ्लिन रेल्वेपासून ही चळवळ सुरू झाली. आज नॉर्थ यॉर्कशायर मूर्स, वेस्ट सॉमरसेट, ब्लूबेल अशा अनेक मार्गांवर गाड्या धावतात. तिथे वेग सहसा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटरच्या आत असतो. दुसरा प्रकार म्हणजे नेहमीच्या मुख्य मार्गावर, आधुनिक गाड्यांच्या मधल्या फटीत सोडलेली विशेष गाडी. तिचे इंजिन ताशी ७५ मैलांपर्यंत, म्हणजे १२० किलोमीटरने पळू शकते.

अनेक दिवसांच्या सहलीत हे दोन्ही असू शकतात. ज्याला इंजिन जवळून पाहायचे आहे, चालकाशी दोन शब्द बोलायचे आहेत, फलाटावर रेंगाळायचे आहे, त्याचे समाधान छोट्या मार्गावर होते. ज्याला चढावर पूर्ण ताकदीने ओढणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकायचा आहे, त्याने मुख्य मार्गाचे दिवस किती आहेत ते मोजावेत. स्वतःच तिकिटे जोडून सहल आखणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. छोटे मार्ग वर्षभर रोज चालत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत बरेचसे बंद असतात आणि हंगामातही आठवड्यातील काही वार रिकामे असतात. विमानाचे तिकीट आधी काढून मग रेल्वेचे वेळापत्रक उघडणे, हा उलटा क्रम नडतो.

इंजिनाच्या नावावर भुलणे

'फ्लाइंग स्कॉट्समन' हे नाव वाचून लोक पैसे भरतात. हे नाव मुळात लंडन-एडिंबरा गाडीचे आहे आणि १९२३ मध्ये डॉन्कास्टरला बांधलेल्या, पुढे १९३४ मध्ये ताशी १०० मैलांचा अधिकृत वेग गाठणाऱ्या इंजिनाचेही आहे. हे इंजिन आता यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचे आहे. गाडीच्या नावाने इंजिन येत नाही. इंजिनाचे नाव जाहीर झालेले असले तरी ते शेवटच्या क्षणी बदलू शकते, कारण ही यंत्रे म्हातारी आहेत: बॉयलरची नळी गळते, बेअरिंग तापते, आणि ठरावीक वर्षांनी बॉयलर पूर्ण उघडून तपासल्याशिवाय धावण्याची परवानगीच मिळत नाही. आरक्षणाच्या अटींत 'इंजिन बदलण्याचा अधिकार राखून' अशा अर्थाचे वाक्य असतेच. ते आधी वाचावे.

याच वाक्याच्या शेजारी डिझेलचा उल्लेख असतो आणि त्यावरून सर्वाधिक रुसवेफुगवे होतात. कोरड्या उन्हाळ्यात रुळांलगतचे गवत ठिणगीने पेटू शकते, त्यामुळे अशा दिवसांत वाफेच्या इंजिनावर बंदी येते किंवा मदतीला डिझेल जोडले जाते. म्हणजे आपल्याला हवे असलेले लख्ख ऊन आणि आपल्याला हवे असलेले इंजिन यांचे नेहमी जमेलच असे नाही. ज्यांना हा धोका कमी करायचा आहे त्यांनी कडक उन्हाळ्याऐवजी वसंतातील किंवा शरदातील तारखा पाहाव्यात. थंड हवेत वाफेचे ढगही अधिक दाट दिसतात, हा वरचा नफा.

गाडीच्या शेपटाला डिझेल दिसले म्हणून लगेच फसवणूक झाली असे मात्र समजू नये. कर्जतला घाट चढण्याआधी मागे जोडले जाणारे बँकर, म्हणजे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने, आपण पाहिलेली आहेत. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. इंग्लंडमधील ब्रॉम्सग्रोव्हजवळचा लिकी चढ ३७.७ फुटांना एक फूट, म्हणजे जवळपास तेवढाच. तिथे जड गाडीला मागून रेटा लागतो. जिथे इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला नेण्याची सोय नसते, तिथे परत ओढायलाही शेपटाचे डिझेल कामी येते.

पाणी, कोळसा आणि घड्याळ

गाडी मध्येच एखाद्या आडबाजूच्या रुळावर अर्धा तास उभी राहिली की काही प्रवासी बिघाड झाला असे धरून चालतात. मोठ्या एक्सप्रेस इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या वाघिणीत, सुमारे ५००० गॅलन, म्हणजे जवळजवळ २२,७०० लिटर पाणी मावते आणि ते साधारण शंभर मैलांत संपत येते. पूर्वी रुळांच्या मधोमध बांधलेल्या लांब हौदांतून धावत्या गाडीतच पाणी उचलले जाई. ते हौद गेले, आणि आता रस्त्याने आणलेल्या टँकरमधून किंवा अग्निशमनाच्या नळातून पाणी भरावे लागते. शिवाय मागून नेहमीची वेगवान गाडी आली की तिला वाट देण्यासाठी आपली गाडी बाजूला घेतली जाते. हे थांबे वेळापत्रकातच धरलेले असतात. फलाट असलेल्या थांब्यावर उतरण्याची परवानगी दिली, तर पाणी भरताना पाहण्यासारखे पुष्कळ असते. परवानगी नसताना मात्र दार उघडू नये.

यातून निघणारी व्यावहारिक चूक म्हणजे शेवटच्या संध्याकाळचे विमान. वाफेची विशेष गाडी तासाभराने उशिरा पोचणे ही काही अपूर्व घटना नव्हे आणि नेहमीच्या गाड्यांना लागू असलेली उशिराची भरपाई इथे मिळेल असे गृहीत धरू नये. शिवाय लंडनमध्ये किंग्ज क्रॉस, युस्टन, पॅडिंग्टन, व्हिक्टोरिया अशी अनेक टर्मिनस आहेत आणि सहल ज्या स्थानकातून निघते तिथेच संपेल असेही नाही. मध्ये एक रात्र ठेवावी. परदेशी पर्यटकांसाठीचा ब्रिटरेल पास या विशेष गाड्यांना चालत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

कुठे बसावे

महागडा वर्ग म्हणजे उत्तम अनुभव, हे समीकरण इथे अर्धेच खरे आहे. पुलमन पद्धतीच्या भोजनवर्गात जेवण टेबलावर येते, खुर्च्या ऐसपैस असतात. पण तो डबा इंजिनापासून लांब असला तर आवाज क्षीण होतो. उत्तर इंग्लंडमधील सेटल-कार्लाइल मार्गावर एस गिलच्या ३५६ मीटर उंचीच्या माथ्याकडे चढताना इंजिनाजवळच्या साध्या डब्यात बसलेल्या माणसाला प्रत्येक धापेचा ठोका छातीत जाणवतो. मागच्या डब्यात त्याच वेळी सूप वाढले जात असते. माझे मत विचाराल तर चढाच्या दिवशी पुढचा साधा डबा घ्यावा आणि सपाट किनारी प्रदेशात हवे तर भोजनवर्गाचे लाड करून घ्यावेत. एकट्याने जाणाऱ्यांनी चारजणांच्या टेबलावर अनोळखी सोबत्यांची तयारी ठेवावी.

याच मार्गावरील रिबलहेडचा २४ कमानींचा पूल पाहण्यासाठी कॅमेरा सरसावून बसणारेही निराश होतात, कारण पुलावरून जाताना पूल दिसत नसतो. त्यावर आता एकेरी रूळ आहे आणि वेगमर्यादा ताशी ३० मैल. त्या अवधीत खालचे माळरान बघावे. स्कॉटलंडमधील ग्लेनफिननचा पूल मात्र वेगळा आहे. १८९७-९८ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलेला हा २१ कमानींचा पूल वळणदार असल्यामुळे मागच्या डब्यातून पुढचे इंजिन कमानींवरून जाताना दिसते. फोर्ट विल्यमहून मालेगकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी हवी, येताना उजवी. इथे एक मेख आहे. ग्लासगोहून येणारी गाडी फोर्ट विल्यमला पोचली की तिथून उलट दिशेने निघते, त्यामुळे सकाळपासून जी डावी बाजू होती ती आता उजवी झालेली असते. आसन निवडताना ही गणना कागदावर मांडून करावी.

खिडकी, काजळी आणि डोळा

दाराच्या खिडकीतून डोके बाहेर काढणे ही चूक नसून धोका आहे. ब्रिटनमध्ये पूल आणि बोगदे डब्याला खेटून असतात, आणि बाहेर वाकलेल्या प्रवाशांचे मृत्यू झालेले आहेत. फोटोसाठी रुळांवर किंवा कुंपणाच्या आत जाणे हा तिथे गुन्हा असून त्यासाठी एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्यापायी आपलीच गाडी थांबवली जाते.

उघड्या खिडकीजवळ बसल्यावर काळे, बारीक कण बाहीवर उतरतातच. ओल्या रुमालाने पुसले की त्यांची शाई होते आणि डाग पसरतो. तसेच कोरडे राहू देऊन टिचकीने किंवा फुंकरीने उडवावेत. पांढरा सदरा आणि फिकी साडी हॉटेलसाठी राखून ठेवावी. कण डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि खुपणे थांबले नाही तर गाडीवरील कर्मचाऱ्याला सांगावे. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फवारा बॅगेत न ठेवता खिशात ठेवावा.

ताट आणि कागदपत्रे

'व्हेजिटेरियन' एवढेच कळवून थांबू नये. त्या शब्दात अंडे बसते, कांदा-लसूण तर बसतोच. काय चालत नाही त्याची यादी आरक्षणाच्या वेळीच द्यावी, कारण धावत्या गाडीच्या छोट्या स्वयंपाकघरात ऐन वेळी वेगळे ताट उभे राहत नाही. घरून नेताना चिवडा, शंकरपाळे चालतील. पेढे, खवा, चक्का असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा निर्णय सहसा तीन आठवड्यांत येतो, परंतु गर्दीच्या काळात थोडा अधिक वेळ हाताशी असावा. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकरांना व्हिसा लागत नसला तरी २ एप्रिल २०२५ पासून प्रवासापूर्वी इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्यावी लागते. ती न घेता विमानतळावर गेल्यास विमानात बसू दिले जात नाही, आणि विशेष गाडी कोणासाठी थांबत नाही.