फिगमा नंतर, आधी गप्प बसायला शिका

परवा मामेभावाचा फोन आला. "ताई, यूएक्स डिझायनर व्हायचंय. फिगमा शिकतोय. तेवढं पुरे ना?" (यूएक्स म्हणजे ॲप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी जाईल अशी आखणं, आणि फिगमा हे तिचे पडदे, म्हणजे स्क्रीन, रेखाटायचं सॉफ्टवेअर.) मी विचारलं, "कुणी मोबाइल वापरत असताना शेजारी नुसतं गप्प बसून बघितलंयस कधी?" तिकडे शांतता. मग त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न मला सारखाच येतो.

शिक्षणाचं आधी उरकते. बारावी असाल तर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा द्या, शाखा कुठलीही चालते. पदवी झाली असेल तर डिझाइनच्या पुढच्या पदवीसाठी सीड. दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत. यूसीड सलग दोनच वर्षं देता येते, सीडला तशी अट नाही. आयआयटी मुंबईची आयडीसी ही डिझाइनची शाळा १९६९पासूनची. विंडोजवरचा मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी तिथेच शिकवायचे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट ही परीक्षा वेगळी. प्रवेश मिळाला तर जरूर जा, तिथे आजूबाजूची मुलंच निम्मं शिकवतात.

मला मिळाला नाही. मी कराडची बी.कॉम., सीड दोनदा देऊन दोनदा राहिले. मग एका खासगी क्लासला साठ हजार भरले आणि तीन महिने बटणांना सावल्या द्यायला शिकले. त्या पैशांचं दुःख अजून आहे. चित्रं येत नाहीत म्हणून घाबरू नका. 'यूजर एक्सपिरियन्स' हा शब्द रूढ करणारे डॉन नॉर्मन १९९३मध्ये ॲपलमध्ये गेले, तेव्हा ते माणसाचं मन कसं चालतं याचा अभ्यास करणारे प्राध्यापक म्हणून ओळखले जात होते. चौकोन, बाण आणि हातातला फोन एवढं कागदावर काढता आलं की काम भागतं.

खरं शिक्षण मला दूध संकलन केंद्रावर मिळालं. सचिवांनी दूध मापायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ॲपमध्ये भरायचं, असं काम होतं. मी पुण्यात बसून त्या ॲपचे चार सुंदर पडदे केले. शेवटी हिरवं बटण, 'सादर करा'. पहाटे सहाला केंद्रावर गेले तर सचिवांचे हात ओले. ओल्या बोटांना पडदा दाद देईना. मागे किटल्यांची रांग. सचिवांनी फोन खिशात टाकला, वही काढली आणि म्हणाले, "संध्याकाळी भरतो की निवांत." 'सादर करा' म्हणजे काय, हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. तिथे दूध घालणाऱ्या बायका एकच विचारत होत्या, "आज फॅट किती लागली?" आणि तो आकडा माझ्या तिसऱ्या पडद्यावर, बारीक राखाडी अक्षरांत होता.

वहीच्या पानाचा फोटो काढला आणि घरी येऊन तेच पान समोर ठेवून सगळं नव्याने केलं. एकच पडदा, मोठे आकडे, आधी सभासद क्रमांक, 'सादर करा'च्या जागी 'पाठवा'.

तुम्हीही असंच करा. कुठलंही एक रोजचं काम निवडा. पाच माणसं गाठा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २०००मध्ये मांडलं होतं की एका फेरीला पाच जण पुरतात, बहुतेक अडचणी तेवढ्यांतच दिसतात. माणसाला काम द्या: "मागचे पैसे कधी जमा झाले, बघा बरं." आणि गप्प बसा. "ॲप आवडलं का?" असं चुकूनही विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला कुणी वाईट म्हणत नाही, "छान आहे की" एवढंच ऐकायला मिळेल. बोट कुठे अडखळलं, कधी मागे आलं, कधी मुलाला हाक मारली, ते लिहा.

फिगमाचं काय? फुकट खातं उघडा. ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे आपोआप लहानमोठी होणारी चौकट), कंपोनंट (पुन्हापुन्हा वापरायचे तुकडे) आणि प्रोटोटाइप (दाबून बघता येणारा नमुना) एवढं घोटायला रोज दोन तास दिले तर महिना पुरतो. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएल-सीएसएसची तोंडओळख करून घ्या, नाहीतर प्रोग्रामर "हे होणार नाही" म्हणाला की मान डोलवावी लागते.

आपल्याला एक गोष्ट जास्त येऊ शकते, ती म्हणजे मराठी. इंग्रजीवर बेतलेल्या बटणात मराठी ओतली की वेलांट्या कापल्या जातात, उकार खालच्या ओळीला टेकतात. ओळींतलं अंतर वाढवा. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट मोफत आहे, त्यावर हात बसवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ : १ ठेवा, पण उन्हात उभं राहूनही बघा.

पोर्टफोलिओत, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या कामांच्या संग्रहात, दोनच प्रकल्प असले तरी चालतील, पण फसलेला मसुदाही ठेवा. माझ्या मुलाखतीत चाळीस मिनिटांपैकी निम्मा वेळ त्या वहीच्या पानाच्या फोटोवर गेला. सावल्यांची बटणं कुणी उघडलीसुद्धा नाहीत.

मामेभावाला पहिला अभ्यास दिलाय: मामीला मोबाइलवरून गॅस बुक करायला सांग आणि दहा मिनिटं तोंड उघडू नकोस. तिसऱ्याच मिनिटाला त्याने फोन तिच्या हातातून ओढून घेतला म्हणे. उद्या परत बसणार आहे.