मुंबईत उतरताय? आधी विमानाची वेळ बघा, मग हॉटेल ठरवा

मुंबईत हॉटेल शोधताना बहुतेक जण आधी भाडं बघतात, मग फोटो, आणि शेवटी ‘विमानतळापासून किती किलोमीटर’. या शहरात किलोमीटरवर विसंबू नये. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम नकाशावर शेजारी दिसतात, पण संध्याकाळी सात वाजता एवढ्याशा अंतराला पाऊण तास सहज जातो. उलट सहारच्या विमानतळावरून सीएसएमटीला भुयारी मेट्रोने तासाच्या आत पोचता येतं. म्हणून तीनच गोष्टी आधी कागदावर लिहा: विमान कुठे उतरतं, किती वाजता उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं कुठे आहे.

कुठे उतरतं, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झालाय. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटू लागली. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून एनएमआयचं काढलं आणि हॉटेल अंधेरीत घेतलं, तर पूर्ण खाडी ओलांडून यावं लागतं. एनएमआयला उतरणार असाल तर पनवेल, उलवे, खारघर, बेलापूर हे भाग सोयीचे. दक्षिण मुंबईत काम असेल तर अटल सेतूवरून शिवडीमार्गे फोर्टकडे जाता येतं. त्याचा टोल टॅक्सीच्या भाड्यात धरलाय का, ते बसण्याआधी विचारा.

जुन्या विमानतळावर दोन टर्मिनल आहेत. टी-वन विलेपार्ले पूर्वेला आहे, पण जुने लोक त्याला सांताक्रूझ म्हणतात. टी-टू म्हणजे सहार. टी-वनसाठी विलेपार्ले पूर्व आणि सांताक्रूझ पूर्व हे भाग जवळचे. टी-टूसाठी मरोळ, चकाला, जे. बी. नगर आणि सहार रोड. ‘एअरपोर्ट’ असं नाव लावलेली कित्येक हॉटेलं प्रत्यक्षात साकीनाका किंवा कुर्ल्याच्या बाजूला असतात. नावावर जाऊ नका. पत्ता घेऊन नकाशात टाका, आणि तुमच्या विमानाचा दिवस व वेळ घालून प्रवासाचा वेळ बघा. रविवारी दुपारी बघितलेला वेळ सोमवारी संध्याकाळी उपयोगाचा नाही.

मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्यांसाठी

आखातातून, युरोपातून येणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. समजा विमान 15 तारखेला पहाटे दीड वाजता उतरतंय. तिकिटावर 15 तारीख आहे म्हणून लोक हॉटेलही 15 तारखेचं घेतात. पण हॉटेलच्या हिशोबात 15 तारखेची खोली 15 तारखेला दुपारी 12 किंवा 2 वाजता मिळते. पहाटे साडेतीनला बॅगा घेऊन काउंटरवर पोचलात की ‘तुमचं बुकिंग दुपारपासून आहे’ हे ऐकावं लागतं, आणि हॉटेल भरलेलं असेल तर दुपारपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर बसावं लागतं. खोली 14 तारखेपासून घ्यायची. एका रात्रीचं भाडं जास्त पडतं, पण झोप मिळते.

यात दुसरी मेख आहे. 14 तारखेचं बुकिंग असून तुम्ही रात्री बारापर्यंत पोचला नाहीत, तर काही हॉटेलं ‘पाहुणा आलाच नाही’ असं धरून खोली दुसऱ्याला देतात. म्हणून बुकिंग झाल्यावर हॉटेलला थेट फोन करा: ‘आम्ही 14 तारखेच्या रात्री, म्हणजे 15 च्या पहाटे तीनच्या सुमारास येणार, खोली ठेवा.’ फोन घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि हीच ओळ व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवा. पोचण्याची वेळ सांगताना विमान टेकण्याच्या वेळेत इमिग्रेशन, सामान आणि कस्टमचे तास-दीड तास मिळवा. देशांतर्गत विमान असेल तर अर्धा-पाऊण तास पुरतो.

पाच-सहा तासांचाच प्रश्न असेल तर वेबसाइटवर शोधण्यापेक्षा टी-टूजवळच्या हॉटेलांना फोन करून अर्ध्या दिवसाचा दर विचारा. काही जण देतात.

काम कुठे, तिथे मुक्काम

मंत्रालय, उच्च न्यायालय, फोर्टमधली ऑफिसं: कुलाबा, फोर्ट किंवा चर्चगेटजवळ राहा. इथल्या जुन्या इमारतींतल्या स्वस्त खोल्यांना कधी खिडकी नसते, कधी लिफ्ट नसते, कधी बाथरूम बाहेर सामायिक असतं. फोटोत खिडकीचा पडदा दिसतो, पडद्यामागे भिंत असू शकते. सरळ विचारा, ‘खिडकी उघडते का? कुठे उघडते?’

वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), अमेरिकन वकिलात: कलिना, सांताक्रूझ पूर्व, वांद्रे पूर्व. व्हिसाच्या मुलाखतीला मोबाईल आणि लॅपटॉप आत नेता येत नाहीत. ते ठेवायला हॉटेल जवळ असलेलं बरं, नाहीतर रस्त्यावर अनोळखी माणसाच्या हाती मोबाईल देण्याची वेळ येते.

परळचं टाटा रुग्णालय: दादर-परळ पट्टा. उपचार लांबणार असतील तर हॉटेल घेण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात धर्मशाळेची चौकशी करा. रुग्णासाठी खोली बघताना दोन गोष्टींवर तडजोड नको: लिफ्ट थेट त्या मजल्यापर्यंत जाते का, आणि कमोड आहे का. अनेक लॉजमध्ये लिफ्ट अर्धा जिना चढल्यावर सुरू होते.

पैशांचं एक सांगून ठेवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर असेल तर 18 टक्के. हे एकूण बिलावर ठरत नाही. 4,000 ची खोली तीन रात्री घेतली, बिल 12,000 झालं, तरी कर 5 टक्केच, म्हणजे 600 रुपये. बिल हातात घेऊन हा आकडा तपासा.

ओळखपत्र सगळ्या मोठ्या माणसांचं लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधार, मतदार ओळखपत्र, लायसन्स किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. काही लॉज मुंबईचाच पत्ता असलेल्यांना खोली देत नाहीत. तुमच्या आधारवर अजून मुंबईचा जुना पत्ता असेल तर आधी विचारून घ्या.

विमानतळाबाहेर पडल्यावर

दिवसा आणि एक-दोन बॅगा असतील तर मेट्रो 3, म्हणजे ॲक्वा लाइन. आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग ऑक्टोबर 2025 पासून सुरू आहे. टी-वन आणि टी-टू, दोन्हींना स्वतंत्र स्टेशन आहे. याच गाडीने बीकेसी, दादर, सीएसएमटी, चर्चगेट, विधान भवन. भाडं 10 ते 70 रुपये. अंधेरी-घाटकोपर पट्ट्यात जायचं असेल तर टी-टूहून एकच स्टेशन पुढे, मरोळ नाक्याला उतरून मेट्रो 1 पकडा. पहिली गाडी सहाच्या थोडी आधी आणि शेवटची साडेदहाच्या सुमारास सुटते. विमान रात्री साडेनऊला टेकणार असेल तर मेट्रो धरूनच चालू नका.

लोकलने जायचा सल्ला देणारे भेटतील. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ विरार-कल्याणकडे, सामान घेऊन लोकलमध्ये शिरू नका. चढलात तरी उतरता येणार नाही.

टॅक्सीला तीन वाटा: प्रीपेड, ॲपची गाडी, मीटरची काळी-पिवळी. रात्री आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर आम्ही प्रीपेडच सुचवू. काउंटर टर्मिनलच्या आतच, बाहेर पडण्याआधी लागतो. नुसतं ‘अंधेरी’ सांगू नका. पूर्व की पश्चिम, रस्ता, जवळची खूण सगळं सांगा. पावतीवर गाडीचा नंबर असतो, तो जुळवून मगच बसा. ड्रायव्हरला द्यायची पावती हॉटेलच्या दारात उतरल्यावरच द्या. वाटेत मागितली तरी नाही. ‘ते हॉटेल बंद पडलंय, दुसरं दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर गाडीतूनच हॉटेलला फोन लावा आणि ड्रायव्हरला द्या. तिथेच विषय संपतो.

मीटरच्या टॅक्सीला फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये, रिक्षाला 26. मध्यरात्री ते पहाटे पाच पाव पट जास्त. रिक्षा माहीम-सायनच्या दक्षिणेला जात नाही, म्हणजे दादरसाठीसुद्धा रिक्षा नाही. दोन मोठ्या बॅगा आणि दोन माणसं रिक्षात नीट मावत नाहीत. दक्षिण मुंबईकडे टॅक्सीने जाताना वांद्रे-वरळी सी-लिंक घ्यायचा का, हे निघतानाच ठरवा: कारला एका फेरीचे 100 रुपये, आणि पुढे कोस्टल रोड विनाटोल. गर्दीच्या वेळी हे पैसे वसूल होतात. पहाटे चारला फारसा फरक पडत नाही.

परतताना

टॅक्सी-रिक्षावाल्याला ‘डोमेस्टिक’ म्हणालात की तो टी-वनला नेणार. टी-टूवरूनही देशांतर्गत विमानं सुटतात, त्यामुळे चुकीच्या टर्मिनलला उतरून पुन्हा धावपळ करणारे रोज दिसतात. ‘टी-टू, सहार’ किंवा ‘टी-वन, विलेपार्ले’ असं पूर्ण सांगा. फोर्टहून संध्याकाळी टॅक्सीने निघायचं असेल तर नुसत्या रस्त्याला दीड-दोन तास धरा. मेट्रोची वेळ असेल तर मेट्रोनेच या. आणि जुलै-ऑगस्टमध्ये अंधेरी पश्चिमेला राहात असाल, तर जोराच्या पावसात अंधेरी सबवे पाणी भरून बंद होतो. ड्रायव्हरला निघतानाच गोखले पुलावरून घ्यायला सांगा.