प्लग बदलल्यावरही आयडलिंगला थरथरणारी जुनी पेट्रोल गाडी: माझा अनुभव

घरीच प्लग आणि एअर फिल्टर बदलले, तरी इंजिन आयडलिंगला (रेस न देता नुसतं चालू असताना) थरथरायचं. रेस दिली की सुरळीत. कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी सारखी बंद पडून जीव मेटाकुटीला आला होता. प्लगची गॅप तपासली, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) धुतली, फरक शून्य.

शेवटी व्हॅक्यूम गळती सापडली, म्हणजे पाइपच्या चिरेतून इंजिनात जादा हवा शिरत होती. इंजिन चालू ठेवून इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) एकेका रबरी पाइपवर स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी मारलं (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे, म्हणजे कार्ब क्लीनर, नको, गरम इंजिनवर पेट घेतो, प्लगच्या वायरी कोरड्याच ठेवा). पीसीव्ही पाइपच्या (इंजिनच्या आतले वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या पाइपच्या) खालच्या अंगाला पाणी लागताच इंजिनचा आवाज बदलला. तिथे चीर होती, वरून दिसतच नाही. इंजिन थंड झाल्यावर त्याच मापाचा, तेल सोसणारा पाइप घातला, दोन्ही क्लॅम्प आवळले. आता आयडलिंग एसी लावूनही स्थिर आहे.