नागपूरहून कोकण, आम्ही दोघं आणि गाडी

नागपूरकरांनो, पहिल्याच दिवशी समुद्र गाठायचा हट्ट धरू नका. समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत 701 किलोमीटर आहे. आम्ही शिर्डीला मुक्काम करतो. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासा; सिमेंटच्या सरळ रस्त्यावर ते फार तापतात. दर दोन तासांनी थांबायचंच. मी डब्यातली संत्री सोलते, हे पाय मोकळे करतात, मग स्टिअरिंग माझ्याकडे.

अलिबागपासून घाई सोडा. खरी मजा खाड्यांची! आगरदांडा ते दिघी, पुढे बागमांडला ते वेसवी, मग दाभोळ ते धोपावे. गाडी थेट फेरीबोटीत चढवायची, हँडब्रेक ओढायचा आणि दोघांनी कठड्याशी उभं राहायचं. लांबचा वळसाही वाचतो. जाण्याआधी वेळ मात्र विचारून घ्या.

रत्नागिरीहून परतताना आंबा घाटाने कोल्हापूरला चढा, तेही उजेडातच. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतार आला की खालचा गिअर ठेवा, सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. पावसाळ्यात धुकं दाटलं तर हेडलाइट लो बीमवर ठेवा. आणि कोल्हापुरात एक रात्र राहाच, नागपूर अजून लांब आहे.