वेब सर्व्हिसेसची परीक्षा: आधी विझर्ड बंद करा

जावा वेब सर्व्हिसेस डेव्हलपरच्या सर्टिफिकेशनला मी पहिल्या खेपेस नापास झाले, तेव्हा तीन वर्षं रोज सोप (एक्सएमएल मेसेजमधून प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची पद्धत) सर्व्हिसच लिहीत होते. लिहीत होते म्हणजे आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) राइट क्लिक करून कोड आपोआप बनवणारा विझर्ड चालवत होते. सर्व्हिस काय घेते, काय देते हे सांगणारी डब्ल्यूएसडीएल फाइल आपोआप तयार व्हायची, ती उघडून बघायची वेळच कधी आली नाही. परीक्षेत नेमकी तीच पुढ्यात आली.

दुसऱ्या खेपेला आधी जावा ८ टाकलं. जावा ११ पासून जॅक्स-डब्ल्यूएस (सोपसाठीची जावा लायब्ररी) आणि जॅक्स-बी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्टची अदलाबदल करणारी) जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढून टाकलेत. नव्या जावावर बसलात तर पहिली संध्याकाळ लायब्ररी गोळा करण्यातच जाते. जावा ८ वर वेबसर्व्हिस ॲनोटेशन लावलेला एक क्लास आणि एंडपॉइंटची पब्लिश मेथड, एवढ्यावर सर्व्हिस चालू होते. वेगळा सर्व्हर लागत नाही.

आता सर्व्हिसला हाक मारणारा क्लायंट कोड जनरेट करू नका. सोपचं एन्व्हलप (मेसेजचं एक्सएमएल वेष्टन) हाताने लिहा, कर्ल या कमांडने पाठवा आणि मुद्दाम बिघडवा. नेमस्पेस (एक्सएमएलमधली नावं कुठल्या गटातली हे सांगणारी ओळख) चुकवा. सर्व्हिसला माहीत नसलेला हेडर घालून त्यावर मस्टअंडरस्टँड (‘हा समजलाच पाहिजे’ अशी खूण) १ करा. सोप १.२ चा कंटेंट-टाइप (मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारा हेडर) लावून पाठवा. सर्व्हिस मुळात १.१ ची, ती नकार देते. फॉल्ट म्हणजे चूक झाल्याचं उत्तर. चूक कोणाची हे सांगणारा त्याचा कोड १.१ मध्ये क्लायंट किंवा सर्व्हर असतो, १.२ मध्ये त्याच जागी सेंडर आणि रिसीव्हर. पाठ करून मी हे दोनदा विसरले. बिघडवल्यावर एकदाही नाही.

मग डब्ल्यूएसडीएल एकदा तरी कोऱ्या पानावर लिहून काढा: टाइप्स, मेसेज, पोर्टटाइप, बाइंडिंग, सर्व्हिस. मेसेजची शैली बाइंडिंगमध्ये ठरते: डॉक्युमेंट-लिटरलमध्ये मेसेजच्या पार्टला एलिमेंट लागतो, आरपीसी-लिटरलमध्ये टाइप. बेसिक प्रोफाइल १.१ (वेगवेगळ्या सर्व्हिसेस एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेले नियम) प्रमाणे डॉक्युमेंट-लिटरलच्या बॉडीत जास्तीत जास्त एकच पार्ट जातो, आणि आरपीसी-एन्कोडेड चालतच नाही. प्रश्नात डब्ल्यूएसडीएल दिसली की मी आधी बाइंडिंग वाचते.

सगळ्यात जास्त वेळ हँडलरना द्या. हँडलर म्हणजे मेसेज वाटेत अडवून बघणारे क्लास: लॉजिकल हँडलर फक्त आतला मजकूर बघतात, सोप हँडलर पूर्ण एन्व्हलप. बाहेर जाणारा मेसेज आधी लॉजिकल हँडलरांतून जातो, मग सोप हँडलरांतून. आत येणारा बरोबर उलटा. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गोची पुढे आहे. रिक्वेस्टवर हँडलमेसेजने फॉल्स परत केलं तर मेसेज उलट्या दिशेला वळतो आणि आधीच्या हँडलरांवर हँडलमेसेजच चालतं. प्रोटोकॉल एक्सेप्शन फेकलं तर मात्र हँडलफॉल्ट चालतं. दोन लॉजिकल, दोन सोप हँडलर लिहा, प्रत्येक मेथडमध्ये फक्त नाव छापा, आणि एकेकात फॉल्स, एक्सेप्शन टाकून बघा. छापलेला क्रम आधी कागदावर लिहायचा, मग प्रोग्रॅम चालवायचा. माझा पहिल्या दिवशी एकही क्रम बरोबर आला नव्हता.

जॅक्स-आरएसला (सोपशिवाय, साध्या एचटीटीपीवर रेस्ट सर्व्हिस लिहायची जावा पद्धत) दोन दिवस पुरतात, हाताला लवकर बसतं. फक्त एररचे तीन आकडे वेगळे ठेवा: एचटीटीपी मेथड (गेट, पोस्ट वगैरे) जुळली नाही तर ४०५, ॲक्सेप्ट हेडर (उत्तर कुठल्या प्रकारात हवं ते सांगणारा) जुळला नाही तर ४०६, पाठवलेला कंटेंट-टाइप जुळला नाही तर ४१५.

ईजेबीचा (सर्व्हरवर चालणारे जावा घटक, म्हणजे बीन) भाग कंटाळवाणा आहे, पण सोडू नका. स्टेटलेस आणि सिंगलटन बीनची वेब सर्व्हिस होते, स्टेटफुलची (क्लायंटची माहिती लक्षात ठेवणाऱ्या बीनची) नाही. पहिल्या खेपेला मी स्टेटफुलवर बिनधास्त टिक केली होती.